आलेखाची शेपटी

त्या वर्षी जानेवारीतच नांदेडपासून लातूरपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले होते. टँकर वाढले, तसा टँकर मागायच्या ॲपवरचा भारही वाढला. ते ॲप आमच्या कंपनीने केलेलं. नांदेडच्या ऑफिसात बसून त्यावर नजर ठेवणं हे माझं काम. सर्व्हर किती दमला आहे, मागण्या कुठून येत आहेत, प्रत्येकीला उत्तर मिळायला किती वेळ लागतो, हे मी दिवसभर पाहायची.

पद्धत साधी होती. गावातल्या जबाबदार माणसाने सकाळी रिकाम्या टाकीचा फोटो काढायचा, माणसांचा आकडा भरायचा आणि पाठवायचं. सलग तीन दिवस मागणी आली नाही, तर तिथे पाणी आहे असं ॲप धरून चालायचं आणि टँकर पुढच्या गावाला द्यायचं.

जानेवारीअखेर सकाळच्या वेळी ॲप अडकायला लागलं. जिल्हाधिकारी कार्यालयातून साहेबांचे फोन यायचे, आमच्या स्क्रीनवर लाल पट्टे. आमचे सिद्धेश्वर सर, मूळ लातूरचे, दोन दिवस खुर्चीतून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळं हिरवं झालं. सरांनी सगळ्यांसाठी भजी मागवली.

मी भजं हातात घेऊन आलेखाकडे बघत राहिले. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाची ही खोड असते. आकडे वाईट आले तर तो एकदा तपासतो, फार चांगले आले तर दोनदा.

"सर, हे फारच चांगलं दिसतंय."

"मग? चांगलं दिसलं की तुझ्या पोटात दुखतं का, जगदेवी?"

सगळे हसले.

"शेपटी तुटलीय सर."

"कुणाची?"

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. बहुतेक मागण्यांना झटकन उत्तर मिळतं, त्यांचा डावीकडे उंचवटा दिसतो. पुढे उजवीकडे संथ मागण्यांची शेपटी विरळ होत जाते. कालपर्यंत ती लांब होती. आज अर्ध्या मिनिटाच्या खुणेपाशी ती सरळ रेषेत संपली होती. मोजलेली गोष्ट आपणहून अशी कधी संपत नाही.

"मीच कापली," सर म्हणाले. "अर्ध्या मिनिटात फोटो पोचला नाही, तर जोडणी तोडायची. एकेक संथ फोन सर्व्हरला धरून बसतो, मागची दहा गावं खोळंबतात. आमच्या गल्लीत टँकर आला की हेच करतेत. अरुंद तोंडाची घागर असली की बाया म्हणतेत, तुझी बाजूला घे, आधी पसरट भांडी भरू दे. तेवढ्यात दहा जणींचं होतं."

तर्क चुकीचा नव्हता. पण बाजूला काढलेल्या घागरी कुणाच्या होत्या, हे मला बघायचं होतं. आठवड्याभराच्या नोंदी जमल्यावर तुटलेल्या जोडण्यांपैकी बहुतेक किनवटच्या जंगलपट्टीतल्या निघाल्या. एक नंबर रोज सकाळी पुन्हा पुन्हा येत होता. मी तो फिरवला. संध्याकाळपर्यंत लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लागला.

"कोन?"

"मी नांदेडहून बोलतेय, टँकरच्या ॲपमधून."

"आत्ता याद आली व्हय?" पलीकडून बाईचा आवाज चढला. "रोज रेल्वे फाटकावर येऊन फोटो धाडून राहिले मी. वसतिगृहात तर रेंजच न्हाई. इथं चाक फिरतं, फिरतं, अन् म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. अजून किती करू?"

त्या सरजाबाई. किनवटच्या पुढे मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका.

"तालुक्याला कळवलं नाही?"

"कळवलं ना. साहेब म्हनले, तुमची मागणीच दिसत न्हाई बाई, पाणी असंल तुमच्याकडं. मी म्हनलं, या की मग प्यायला."

मला हसू आलं आणि लगेच शरमही वाटली.

"बाकीच्या पोरी घरी धाडल्या," त्या सांगत होत्या. "दहावीच्या तेवढ्या ठिवल्यात. मार्चात पेपर हायेत. ह्यांना धाडलं की आईबाप संगं नेतेत, तेलंगणात, मिरची तोडायला. तिकडं गेलेली पोरगी वहीला हात लावत न्हाई पुन्हा. आता पहाटं झऱ्यावर जातेत, उन्हं वर आली की येतेत. आमची जंगू मडावी भूमितीत सगळ्यात हुशार. तिचा खांदा सुजला घागरीनं."

"टँकर पाठवते, मावशी."

"लवकर धाडा. त्यांच्या घरचे निघायला लागलेत."

मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तुला गल्लीतली अर्धीच गोष्ट सांगितली. बाजूला काढलेल्या घागरी तशाच ठेवत न्हाईत. टँकर हलायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या भांड्यातलं तांब्या-तांब्या त्यात ओतते. माझी आई कुणाला सोडू द्यायची न्हाई. हे मला प्रोग्राममध्ये घालायचं सुचलंच न्हाई."

तासाभरात त्यांनी तोडण्याचा नियम काढला आणि फोटो फोनमध्येच लहान होऊन निघेल अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाईंची मागणी आमच्या स्क्रीनवर आली. मला वाटलं, संपलं.

पण बंद झालेला टँकर पुन्हा सुरू करायचा तर जागेवर पाहणी लागत होती. पाहणी करणारे साहेब कुठल्याशा बैठकीत होते. सर दोनदा कार्यालयात जाऊन बसले. एका कारकुनाने त्यांना ऐकवलं, "तुमच्याच मशीनमध्ये तिथं पाणी आहे म्हणून आलंय, आता तुम्हीच म्हणता न्हाई. आम्ही कुणाचं खरं धरायचं?" आठवडा तसाच गेला. सरजाबाईंचा फोन लागत नव्हता.

परवानगी मिळाली त्या सकाळी आम्ही जीपने निघालो. टँकर किनवटला भेटला, तिथून आम्ही त्याच्या मागे. स्टेशनजवळ किनवट जिल्हा करा म्हणून फलक लागले होते. पुढे सागाची पानं गळून गेलेली, रस्त्यावर धूळ. वाटेत माझ्या फोनवरची रेंज एकेक काडी करत गेली.

वसतिगृहाच्या अंगणात सरजाबाई एकट्या उभ्या होत्या. मला वाटल्या होत्या त्याहून लहानखुऱ्या.

"जय भीम. या," त्या म्हणाल्या.

"मुली कुठेत?" मी विचारलं.

"परवा नेल्या. ट्रक आलता तांड्यावर अन् पाड्यावर. मी आडवी पडले दारात. जंगूचा बाप म्हनला, बाई, तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, कशाच्या भरवशावर ठिवू? काय सांगावं त्याला?"

ड्रायव्हरने पाइप टाकीत सोडला. पाण्याचा आवाज सुरू झाला. तो म्हणाला, "जिल्हा झाला की टॉवर येनार म्हनतेत इकडं, बाई."

"अन् टॉवर आला की पोरी येतेत का रे?" सरजाबाई म्हणाल्या. तो पाइपकडे बघायला लागला.

सिद्धेश्वर सर तिथेच पायरीवर बसले. त्यांनी माफी मागितली. सरजाबाईंनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. म्हणाल्या, "तिच्या बापाचा नंबर हाय. लावून बघू. तुमची जीप घ्या, मी सांगते कसं सांगायचं त्याला."

आम्ही रेल्वे फाटकाकडे गेलो. निघताना टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती. सरजाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. दोन वेळा घंटी वाजली आणि जंगूनेच उचलला.

"बाई!"

"जंगू, पाणी आलं बघ. टँकर उभा हाय दारात. बापाला दे फोन. ही नांदेडची माणसं गाडी धाडतेत तुला आणायला."

सर खाली वाकून जोरात म्हणाले, "उद्याच पाठवतो."

"बाबा वावरात हाय," ती म्हणाली. मागे बायकांचे आवाज, कुणीतरी तेलुगूत हाका मारत होतं. "मुकादम रागावतो बाई. दोघांच्या जोडीनं रान धरलंय तोडायला. माझी आई आजारी पडली, तिच्या जागी मी हाय. मी निघाले तर बाबाची जोडी मोडती, मग त्यालाबी काम न्हाई."

"पेपर हाय जंगू. तू यायलाच पायजे."

"हाव बाई." ती म्हणाली. "पुढच्या साली बसता येतं ना?"

सरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराने मान हलवली.

"येतं," त्या म्हणाल्या.

"मग बसते पुढच्या साली. मिरचीनं बोटं लई आग करून राहिली बाई, आत्ता पेनबी धरता येत न्हाई." तिला हाक आली. "ठिवते."

तेलंगणातून येणारा तो आवाज एकदाही तुटला नव्हता, उशिरा आला नव्हता. सरजाबाईंनी फोन पदराने पुसला आणि दुसऱ्या मुलीच्या बापाचा नंबर लावायला घेतला.