काउंटर क्रमांक चार आणि ब्याण्णव ग्रॅमची टोपी

मी एक जुना काउंटर आहे. दुकानात मला क्रमांक चार म्हणत. माझ्यासमोर उभं राहून लोक—

*कृपया वस्तू पाटीवर ठेवा.*

माफ करा, मित्रांनो. नऊ वर्षं हेच बोलत आलो, त्यामुळे मधेच तोंडातून निघून जातं. आवाजही माझा नाही. कुठल्याशा बाईंनी तो एकदा रेकॉर्ड केला आणि त्या घरी गेल्या. मी मात्र त्यांच्याच चार वाक्यांत आयुष्य काढलं. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात कागदाचा रोल, डोक्यावर दिवा आणि उजव्या हाताला वजनाची पाटी. पुड्यावरच्या रेघा माझ्या लाल डोळ्याला दाखवायच्या, पुडा पाटीवर ठेवायचा, आपलं बिल आपणच करायचं. पाटीवर भलतीच वस्तू आली की दिवा लाल! मग दुकानातलं कुणी येऊन किल्ली फिरवेपर्यंत मी जागचा हलत नसे.

सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! ऐकू न येणारी एक ताई रोज यायची. गल्ल्यावर कुणी काही विचारलं की ती गोंधळे आणि मागचे लोक उसासे टाकत. माझ्याकडे सगळं पडद्यावर लिहिलेलं. आजारी वडिलांसाठी डायपर नेणारा एक कारकून गल्ल्यावर मान खाली घाली. माझ्यापाशी शीळ घाली.

*कृपया वस्तू पाटीवर—*

गप्प. पुढचं महत्त्वाचं आहे.

माणूस बसलेला एकच गल्ला उरला होता, माझ्या शेजारी. तिथे मावशी बसत. आम्हा चारही यंत्रांची किल्लीही त्यांच्याच गळ्यात असे. एका सकाळी मॅनेजरसाहेब माझ्यावर कोपर टेकून त्यांना म्हणाले, "मावशी, महिनाभरात सगळ्यांना मशीन शिकवा. मग गल्ला बंद."

"आणि मी?"

"बघू."

"साहेब, निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत माझी."

"वरून आलंय. माझ्या हातात काय आहे?"

मावशींनी खरोखर शिकवलं, मित्रांनो! आपली जागा घेणाऱ्या यंत्राशी कसं वागायचं, ते त्यांनी लोकांचा हात धरून शिकवलं. माझा पडदा पदराने पुसून शिकवलं.

सगळे शिकले. टोपीवाले आजोबा सोडून.

हे आजोबा एकटे राहत. रोज साडेदहाला येत, दोन केळी घेत आणि मावशींशी दहा मिनिटं बोलत. आता मावशींनी त्यांना माझ्यापुढे उभं केलं. आजोबांनी केळी नीट ठेवली. मग डोक्यावरची लोकरी टोपी काढून हळूच शेजारी ठेवली.

*अनोळखी वस्तू. कृपया मदतीची वाट पाहा.*

"आजोबा, टोपी उचला."

"अगं, विसरलोच बघ. बरं, गुडघा कसा आहे तुझा?"

दुसऱ्या दिवशी टोपी. तिसऱ्या दिवशीही टोपी.

"आजोबा, एवढे कसे विसरता हो?"

"वय झालं, बाई," आजोबा म्हणाले आणि रांगेतल्या आजींकडे पाहून त्यांनी डोळा मिचकावला.

त्या आजी माझ्यावर चटाचट बिल करत. दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपली पर्स पाटीवर ठेवली. मग निवृत्त मास्तरांनी छत्री ठेवली. डायपरवाल्या कारकुनाने, कहर म्हणजे, आपलं कोपर ठेवलं. माझा दिवा दिवसभर लाल आणि मावशींची किल्ली दिवसभर फिरतेय.

महिना संपायला दोन दिवस असताना साहेबांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझी आठवण, म्हणजे रोजच्या वजनांची नोंद, उघडली. तिथे खोटं लिहिता येत नाही.

"रोज साडेदहाला ब्याण्णव ग्रॅम," तो पुटपुटला. मग त्याने वर पाहिलं. आजोबा टोपी हातात धरून उभे होते. त्यांच्यामागे पर्स, छत्री आणि कोपर. मावशी रुमालाने किल्ली पुसत होत्या.

"आजोबा, हाताने विणलेली का?"

"बायकोने."

"जपा."

मग तो साहेबांकडे वळला. "पाटी कामातून गेली. हा काढावा लागेल."

"नवा कधी मिळेल?"

"तुमच्या वरच्यांची मंजुरी? दोन वर्षं धरून चाला."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी," ते म्हणाले, "गल्ला चालूच ठेवा तोवर."

मित्रांनो, नऊ वर्षांत माझी एका ग्रॅमचीही चूक झाली नव्हती. बिघडलेला म्हणून मला ढकलत नेलं, तेव्हा वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण त्या ताईसाठी माझी तीन भावंडं अजून तिथे आहेत आणि दोन केळ्यांसाठी मावशी आहेत. दोघांचीही गरज होती, एवढं मला कळलं.

तुम्ही माझ्या भावंडांपाशी गेलात, तर लाल दिव्याला लाथ मारू नका. समोर कुणी गोंधळलं असेल, तर मागून उसासे टाकू नका. आणि किल्ली घेऊन कुणी धावत आलं, तर त्यांचा गुडघा कसा आहे ते विचारा.

आता मी कोठारात असतो, बादल्या आणि खराट्यांच्या सोबतीला. माझी वायर गुंडाळून ठेवली आहे. दुपारी जेवायला मावशी इथेच येतात, स्टुलावर बसतात आणि डबा माझ्या पाटीवर ठेवतात.

मी काहीच म्हणत नाही. वस्तू ओळखीची आहे.