नऊ ते अकराचा मुहूर्त

लियाव युन-चेननं आलेख तिसऱ्यांदा काढला, तरी तो तसाच आला. सकाळी नऊ ते अकरा या वेळात जन्मलेल्या सव्वीस बाळांच्या नाळेतलं रक्त कसं शांत होतं! बाकीच्या अडतीस बाळांच्या पांढऱ्या पेशी मात्र बाह्या सरसावून उभ्या होत्या आणि दाहाचं प्रमाण दुप्पट. बाळ पोटातूनच जी प्रतिकारशक्ती घेऊन येतं, ती घड्याळ बघते की काय? युन-चेननं यंत्रावर ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पाकिटाला हात लावून नमस्कार केला. ते पाकीट तिथं असलं की यंत्र रुसत नाही, हे ताइनान शहरातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत शेंबडं पोरही सांगेल.

शुक्रवारी तिला समितीसमोर उभं राहायचं होतं. काम पटलं तर नेमणूक आणखी दोन वर्षं, नाही तर टेबल रिकामं करायचं. तीन वर्षांत धड काही हाती लागलं नव्हतं आणि घरी आईचं पालुपद ठरलेलं होतं.

"तुझ्या हातात काही टिकायचंच नाही. ज्योतिषाकडून नऊनंतरचा मुहूर्त काढून आणला, सिझेरियनला डॉक्टर ठरवला, आणि तू आलीस आठ चाळीसला! वीस मिनिटं दम निघाला नाही बाईसाहेबांना."

परीक्षेत मार्क कमी पडले, स्कूटर चोरीला गेली, ठरलेलं लग्न मोडलं, सगळ्याचं खापर त्या वीस मिनिटांवर फुटायचं.

पण आता आलेख हातात होता. ती तरंगतच प्रसूती विभागात रक्ताच्या नव्या नळ्या आणायला गेली. तिथं तीस वर्षं बाळंतपणं पाहिलेली परिचारिका श्यू-ओ मावशी कुणाच्या तरी बाळाला महिना झाला म्हणून वाटलेला चिकट भात खात बसली होती.

"मावशी, एक गंमत सांगू? सकाळी नऊ ते अकरात जन्मलेली बाळं आतून शांत असतात."

मावशीच्या भात खायच्या काड्या हवेतच थांबल्या. "अगं, तो तर मुहूर्त! देवळामागचा ज्योतिषी अर्ध्या गावाला तोच देतो. डॉक्टर नऊच्या आधी येत नाहीत, हे त्याच्या ग्रहांनाही पाठ झालंय."

"असू दे ना. मी सगळी शस्त्रक्रियेनं झालेलीच बाळं घेतलीत. मुद्दाम, जन्माची तऱ्हा एकच असावी म्हणून."

"एकच कशी ग? मुहूर्तवाल्या येतात केस विंचरून, हसत, चालत. कळ म्हणून आलेली नसते. बाकीच्या रात्रभर कळा सोसून मग टेबलावर येतात. तुझ्या फॉर्मात कळांचा रकाना आहे का?"

नव्हता. युन-चेन मटकन स्टुलावर बसली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय? जन्मभर मुहूर्ताचे टोमणे ऐकलेल्या मुलीला मुहूर्तच दिसला नव्हता.

"भात खा थोडा," मावशी म्हणाली. "रिकाम्या पोटी रडू नये."

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? फक्त मावशीला. आणि तिला स्वतःला, तेच जास्त वाईट. रडून झाल्यावर तिनं परवानगी काढली आणि दोन दिवस चौसष्ट बायकांचे केसपेपर चाळले. मुहूर्त मागणाऱ्या घरांनी वेळ लिहून दिलेली लाल चिठ्ठी मावशी प्रत्येक केसपेपरला टाचून ठेवत असे. सव्वीसच्या सव्वीस बाळांना लाल चिठ्ठी होती, आणि त्यांच्या आयांना कळा आलेल्या नव्हत्या. संपला आलेख.

पण उरलेल्या अडतिसांत तिला आणखी अकरा लाल चिठ्ठ्या सापडल्या. या घरांनीही मुहूर्त काढला होता, पण कळा आधीच सुरू झाल्या आणि डॉक्टर ग्रहांसाठी थांबले नाहीत. तोच ज्योतिषी, तशीच घरं, तीच शस्त्रक्रिया. जन्माच्या वेळा दिवसरात्र विखुरलेल्या, एकसारखा फरक फक्त कळांचा. आणि या अकराही बाळांच्या पेशी कंबर कसून तयार! बाहेर जायची वेळ आली हे त्यांना कळांनीच सांगितलं असावं. युन-चेन तिथंच, फायलींच्या ढिगात, मोठ्यानं हसली.

शुक्रवारी ती समितीला म्हणाली, "मंगळवारपर्यंत माझा निष्कर्ष वेगळा होता. तो चुकीचा होता. का, तेही सांगते." आणि लाल चिठ्ठ्यांसकट सगळं सांगून टाकलं.

समितीचे अध्यक्ष, म्हातारे डॉक्टर च्यू, चष्मा पुसत म्हणाले, "अकरा फार थोडी झाली."

"हो, सर. शंभर तरी हवीत. म्हणून तर वेळ मागतेय."

"एवढी मिळतील?"

"मुहूर्त काढणाऱ्या आज्या आणि न ऐकणारी बाळं असेपर्यंत तोटा नाही, सर."

डॉक्टर च्यू इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. संध्याकाळी दोन वर्षांच्या नेमणुकीचं पत्र आलं.

तिनं आईला फोन केला, सगळं समजावून सांगितलं. युन-चेनला वाटलं, आता आठ चाळीस येणार.

"म्हणजे," आई म्हणाली, "मुहूर्ताआधी आलेल्यांनी तुझी नोकरी वाचवली?"

"हो, आई. अकरा जणांनी."

"बारा. आठ चाळीसची एक माझी धर."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आईनं त्या वीस मिनिटांना नावं ठेवली नव्हती.

"रविवारी जेवायला ये," आई म्हणाली. "बाराला बसू. पण तू लवकर आलीस तरी चालेल."