मागची लिफ्ट

अख्तरबी दारात आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. चौकटीला हात टेकून ती उभी राहिली, पदराने गळा पुसला, आणि श्वास जरा जागेवर आल्यावर आधी विचारलं ते बाळाचंच.

"उठली का गं चिमणी?"

"उठून, रडून पुन्हा झोपली," क्षमाताई आतून म्हणाल्या. "आज उशीर केलास अख्तरबी. पाणी दोनदा तापवलं मी."

अख्तरबी आत आली. ती न्हाणीत पाटावर बसली, पाय लांब केले आणि हात पुढे केले. भार्गवीने बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. त्या हातांना काही सांगावं लागत नसे. सांगलीच्या गावभागातली निम्मी पोरं त्याच हातांनी न्हाली होती. हळदीचे अडते तात्या आणि क्षमाताई यांची भार्गवी आणि धवल ही दोन्ही मुलं याच नडग्यांवर उपडी पडून रडली होती. आता भार्गवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि क्षमाताईंनी दवाखान्यातूनच अख्तरबीला निरोप धाडला. माझ्या नातीला दुसऱ्या कुणाचा हात नको, असं त्यांनी बजावलं होतं.

माहेर मात्र आता गावभागात नव्हतं. दोन महापुरांत कृष्णेचं पाणी त्या घराच्या माळ्यापर्यंत चढलं, आणि तात्यांनी ठरवलं की आता इतक्या वर जाऊन राहायचं, की नदीने मान वर केली तरी आपण दिसता कामा नये. विश्रामबागेच्या पुढे उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात त्यांनी सतराव्या मजल्यावर घर घेतलं. दुबईत आणि शांघायमध्ये ढगांत डोकं खुपसणाऱ्या इमारतींचे नकाशे ज्या कंपनीने काढले, तिनेच याही मनोऱ्याचा नकाशा काढला होता. त्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात भार्गवी आर्किटेक्ट होती. लिफ्ट, जिने आणि नळ जिथून वर चढतात तो इमारतीचा मधला गाभा तिने स्वतः काढला होता. तात्या पाहुण्यांना घेऊन वर येताना हमखास सांगत, "ही लिफ्ट आमच्या भार्गवीची बरं का!"

"मावशी, तुला एवढा दम कशानं लागलाय?" भार्गवीने विचारलं.

"लाइट गेलीया न्हवं. जिन्यानं आले."

"पण लिफ्ट चालू आहे. तात्या आत्ताच खाली गेले."

अख्तरबीने बाळाच्या टाळूवर तेल थापलं. "तुमची चालू हाय," ती म्हणाली. "आमची बंद हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस नाही, ऊन आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं. भार्गवीच्या हातातला तांब्या मात्र तसाच राहिला.

तिला सगळं माहीत होतं. तिला नाही तर कुणाला माहीत असणार? खाली लॉबीत पॉलिश केलेल्या पितळेची पाटी होती: 'कामवाल्या बायका, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्टचाच वापर करावा.' कामवाल्या बायकांचं नाव कुत्र्यांच्या आधी घेतलं होतं, एवढाच काय तो मान. मागची ती लिफ्ट कचऱ्याच्या डब्यांशेजारून वर चढायची, आणि तिला जनरेटर जोडलेला नव्हता. शेजारचा जिना अरुंद होता आणि त्याला खिडकीही नव्हती. नकाशावरची ती रेघ भार्गवीच्या हातची होती.

मनोऱ्याचं काम सुरू झालं तेव्हा बिल्डरने सांगितलं, नोकरांचा रस्ता वेगळा पाहिजे, समोरासमोर यायला नको. परदेशातून व्हिडिओवर बसलेल्या मोठ्या साहेबाने मान डोलावली. ही तिथली संस्कृती आहे आणि आपली कंपनी स्थानिक संस्कृतीचा आदर करते, असं तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या ऑफिसात झाडूवाला आणि साहेब एकाच लिफ्टने वर जात होते. तिथे हा आदर त्याला सुचला नव्हता! आमची अस्पृश्यता आम्हीच गोऱ्या माणसासमोर संस्कृती म्हणून मांडली, आणि त्याने ती काचेत आणि पोलादात बसवून परत आमच्याच हातात दिली. त्या मीटिंगमध्ये भार्गवीने तोंड उघडलं नाही. मागची लिफ्ट किती लहान करता येईल एवढंच तिने पाहिलं.

त्या संध्याकाळी तिने घरात विषय काढला.

"तात्या, लाइट गेली की मावशीला आपल्या लिफ्टने येऊ द्या. सोसायटीच्या चेअरमनशी, नानासोंशी बोला."

तात्यांनी पेपर खाली ठेवला. "बोलू की. पण आठवड्यावर बारसं आलंय. वरचा हॉल त्यांच्याच हातात आहे. आत्ता कशाला तोंड वाजवायचं?"

"आज सतरा मजले चढून आली ती, तात्या."

"अगं, मला काय ती परकी आहे का?" क्षमाताई मध्ये बोलल्या. "दर ईदेला साडी देते मी तिला. पण नियम आपण एकट्यानं मोडला की उद्या सगळ्यांच्या बाया लिफ्टमध्ये शिरणार. बारसं होऊ दे एकदा."

बारसं होऊ दे. परीक्षा होऊ दे, लग्न होऊ दे, दिवाळी होऊ दे! अन्याय दूर करायला आपल्याकडे मुहूर्त कधी सापडलाय? भार्गवी ओली बाळंतीण होती, थकलेली होती. तिने होकारार्थी मान हलवली.

बारशाच्या दिवशी सकाळीच वीज गेली. वरच्या हॉलमध्ये जनरेटरवर दिवे लागले, सनई वाजू लागली, पाळण्याला मोगऱ्याचे गजरे बांधले गेले. नटलेल्या बायका पुढच्या लिफ्टने वर जात होत्या. खाली अख्तरबी ठेवणीतली साडी नेसून आली. बाळासाठी स्वतः ओवलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या तिने रुमालात बांधल्या होत्या. दारावर आकाराम नावाचा वॉचमन होता, वडूजकडचा.

"आवं मावशी, थांबा की जरा, लाइट येईल," तो म्हणाला.

"पाळण्यात घालायच्या आदी बांधाया पायजेत रं. मला ह्या लिफ्टनं सोड की गड्या आजच्या दिवस."

आकारामने वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "माजी नोकरी जाईल वो."

"ऱ्हाऊ दे मग," असं म्हणून ती मागच्या जिन्याकडे वळली.

अकरावा मजला तिने ओलांडला. पुढच्या वळणावर काळोखात पायरी चुकली आणि ती उजव्या हातावर पडली. वर सनई चालूच होती. त्या जिन्याने मालकांपैकी कुणीही जात नव्हतं, म्हणून तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. बऱ्याच वेळाने जेवणाचं पार्सल घेऊन चढणाऱ्या एका माणसाच्या पायाला ती लागली.

आकाराम धावत वर आला. त्याने नानासोंना फोन लावला आणि पुढच्या लिफ्टने खाली न्यायची परवानगी मागितली. नानासो म्हणाले, "आत्ता पाहुणे वर येतायत. लहान मुलं आहेत, घाबरतील. जिन्यानंच उतरव, सांभाळून." मग दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, जिन्याने खाली नेलं; प्रत्येक वळणावर ती कळवळून ओरडत होती. वर पाळण्याभोवती बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत होत्या. त्यांत क्षमाताईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मनगट्यांचा रुमाल संध्याकाळी आकारामने आणून दिला, तेव्हा घरात कळलं.

अख्तरबीचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी हात वळेना. डॉक्टरांनी सांगितलं, पेला उचलता येईल, पण बाळ धरायचा नाद आता सोडा. क्षमाताई भेटायला गेल्या, साडी घेऊन. अख्तरबीने ती साडी डाव्या हाताने परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"वैनी, मी रागानं देत न्हाई," ती म्हणाली. "पर आता न्हाई घेनार."

क्षमाताई घरी आल्या आणि देवघरासमोर बसून रडल्या. रडून मोकळ्या झाल्या की अशा बायका पुन्हा होत्या तशाच होतात, असं आपल्याला वाटतं. या वेळी तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नानासो घरी आले. प्रकरण बाहेर जाऊ नये म्हणून कमिटीने एक तोडगा काढला होता. अख्तरबीला, तिच्यापुरती, खास बाब म्हणून, पुढच्या लिफ्टची सूट. "हे तुम्हीच तिला सांगा," भार्गवी म्हणाली.

सकाळी माणसं कामावर निघायच्या वेळी भार्गवी गरम पाण्याची बादली आणि पाट घेऊन खाली उतरली. मागून क्षमाताई बाळाला घेऊन आल्या. भार्गवीच्या निरोपावरून आलेली अख्तरबी लॉबीतल्या मऊ सोफ्यावर बसली होती. तो सोफा कामवाल्यांना मना होता. परदेशी संगमरवरावर भार्गवीने पाट मांडला, पाय लांब केले आणि बाळाला नडग्यांवर घेतलं.

"पाय जुळवून घे," अख्तरबी सांगू लागली. "मान धर. भिऊ नगं, मोडत न्हाई ती. तेल आदी पाठीला."

बाळ रडायला लागलं. माणसं थबकली. साबणाचं पाणी चकचकीत फरशीवरून वाहत नानासोंच्या बुटांपर्यंत गेलं.

"अहो, हे काय चालवलंय?" नानासो ओरडले. "ही लॉबी आहे!"

"मावशीला वर यायची बंदी आहे," भार्गवी मान वर न करता म्हणाली. "म्हणून बाळ खाली आलं."

"बंदी कुठाय? तिच्यापुरती सूट दिलीय आम्ही. अख्तरबी, सांगा यांना!"

अख्तरबी उठली नाही. मोडका हात मांडीवर धरून तिने नानासोंकडे पाहिलं.

"माज्यापुरती नगं मला. सकाळच्याला त्या मागच्या दारानं लय बाया वर जात्यात. त्यांचं काय?" मग तिचा आवाज चढला. "तुमच्या पोराला न्हाऊ घालाया ह्यो हात चालतो, नानासो. तुमच्या आईचं हागमूत काडाया त्या शांताचा हात चालतो. आन लिफ्टचं बटण दाबाया तेवडा चालत न्हाई व्हय?"

नानासोंनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या मदतीला कुणी आलं नाही, पण खरं सांगायचं तर अख्तरबीच्या बाजूनेही कुणी बोललं नाही. भल्या माणसांनी फोनमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात क्षमाताई पुढे झाल्या. त्यांनी मागचं दार उघडलं, तिथे खोळंबलेल्या बायकांना हाक मारली, आणि आपलं लिफ्टचं कार्ड लावून पुढच्या लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "चला गं," एवढंच त्या म्हणाल्या. बायका आधी आत जाईनात. मग शांता गेली, तिच्यामागे बाकीच्या. आकाराम कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

कमिटीने क्षमाताईंचं कार्ड बंद केलं. मग त्या तात्यांचं वापरू लागल्या. तेही बंद झालं, तेव्हा तात्या पहिल्यांदाच नानासोंच्या दारात जाऊन भांडले. पितळेची पाटी अजून तिथेच आहे. भांडणही चालूच आहे.

भार्गवीची रजा संपायच्या आत ऑफिसातून बोलावणं आलं. कऱ्हाडजवळच्या मलकापुरात हायवेला लागून नवा मनोरा व्हायचा होता. व्हिडिओवर तोच साहेब म्हणाला की सांगलीचा गाभा उत्तम झालाय, तोच तिथे उचलून ठेव. भार्गवीने सांगितलं की दुसरी लिफ्ट मी काढणार नाही. माणसांना वेगळं करणारं दार माझ्या हातून पुन्हा निघणार नाही. त्या जिन्यावर एका बाईचा हात मोडलाय, आणि तो जिना मी काढलाय. साहेब शांतपणे ऐकत होता. त्याने तिला कामावरून काढलं नाही, फक्त त्या कामातून काढलं. तो नकाशा मग दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केला.

मलकापूरचा मनोरा आता वर येतोय. कऱ्हाडकडून जाताना दिसतो. बुकिंग जोरात आहे असं ऐकतो, आणि बुक करणारे तुमच्याआमच्यातलेच आहेत. त्याला दोन दारं आहेत. जाहिरातीत फक्त एकच दाखवलंय.

तुमच्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई उद्या सकाळी येईल, तेव्हा ती कुठल्या दाराने येते, ते एकदा खाली उतरून बघा.