थोरलीच्या हातचं बी

थोरली चौदा वर्षं कोबीच्या संशोधन केंद्रात परागीकरणाचं काम करत होती. तिच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. मग दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी जाऊ त्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत लागली आणि घरीदारी धाकटीचाच उदोउदो सुरू झाला.

सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची धाकटी कोबीचं जनुक बदलते!"

"आणि थोरली?"

"तीही तिथेच असते."

हे वाक्य थोरलीच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

धाकटीचं काम खरंच मोठं होतं. घाण्या रोगाने कोबीच्या पानांच्या शिरा काळ्या पडतात, गड्डा सडून जातो. धाकटीने एक जनुक बदलून पानाच्या तुकड्यांपासून बाटलीत रोपं वाढवली. शेकडो रोपांतलं एकच त्या रोगाला पुरून उरलं. ते फुलोऱ्यावर आलं तशी ती थोरलीकडे आली.

"ताई, याचं बी तुम्हीच धरा. तुमच्या हाताला यश आहे."

"मी आहे ना," थोरली म्हणाली.

कोबीचं फूल एकदा उमललं की आपल्याच झाडाचे पराग घेत नाही. म्हणून कळी मिटलेली असतानाच चिमट्याने उकलून आत त्याच झाडाचे पराग लावायचे. थोरलीला हे झोपेतही जमलं असतं. पण तिने ब्रश फिरवला तो उमललेल्या फुलांवर, अगदी मन लावून. वर कागदी पिशव्याही बांधल्या.

पंधरा दिवसांत त्या सगळ्या फुलांचे देठ पिवळे पडून गळाले. शेंग एकही नाही. धाकटीने जाळीघरात एकेक पिशवी सोडून पाहिली.

"माझंच चुकलं, ताई. जनुक बदलताना झाडाची बी धरायची ताकदच गेली असणार."

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण त्या जेमतेम दुपारच्या चहापर्यंत टिकल्या. मग तिला रागच आला. हिला माझा साधा संशयही येऊ नये? माझ्या हातून चूक होणारच नाही, असं ही धरूनच चालते!

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी केंद्रात पोचली. शेंड्याला थोड्या कळ्या उरल्या होत्या. एकेक उकलून तिने पराग लावले. अकरा शेंगा धरल्या, बी भरलं, आणि त्या बियांची रोपंही रोगाला दाद देईनात. पहिल्या खेपेचं मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही.

धाकटीने अहवाल लिहिला, पहिल्या खेपेचं अपयश स्वतःवर घेतलं आणि त्यात थोरलीचं नाव स्वतःच्या आधी घातलं. तो कागद घरी आला तसं सासूबाईंनी शेजारणीला हाक मारली.

"बघा हो, आमच्या धाकटीचं मन किती मोठं! थोरलीचं नाव आधी घातलं!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी तिच्याकडे आशेने बघत होती.

"ताई, बरोबर आहे ना सगळं?"

थोरलीने कागद पुन्हा एकदा वाचला, घडी घालून परत दिला.

"नाव बरोबर लिहिलंयस," ती एवढंच म्हणाली.