अठ्ठ्याण्णव किलोंचे बुश

तिसऱ्या वेळी स्ताथिस चाकांच्या फळीवरून पडला तो थेट उजव्या मनगटावर. ग्रीसमधल्या सलोनिकाच्या समुद्रकाठच्या त्या रुंद फरसबंदीवर सकाळी सातला मोजकीच माणसं होती, पण त्या मोजक्यांनी पाहायचं ते पाहिलंच. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी लागलं का म्हणून विचारलं, तेव्हा छे छे करत तो उठला आणि हात पाठीमागे लपवून उभा राहिला. मनगट मोडलं नव्हतं, पण घरी पोचेपर्यंत टम्म सुजलं.

आता मनगट हीच स्ताथिसची सगळी इस्टेट. तो बुगात्सा करणारा. पहाटे तीनला उठून कणकेचा गोळा हवेत गरागरा फिरवत संगमरवरी ओट्यावर असा पसरायचा, की ओट्याच्या निळ्या रेघा आरपार दिसाव्यात. मग त्यात रव्याची गोड खीर नाहीतर चीज भरून घड्या घालायच्या आणि भट्टीत सारायच्या. त्याची बायको मारियांथी गिऱ्हाईक सांभाळायची, भट्टी सांभाळायची, पण कणीक फिरवणं तिला कधी साधलं नाही. म्हणजे मनगट गेलं की दुकानाला दोन महिने कुलूप.

मारियांथीने सुजलेला हात पाहिला आणि आरडाओरडा केला नाही, तिथेच स्ताथिसने काय ते ओळखलं. तिने बर्फ आणला, फडक्यात बांधला आणि शांतपणे सांगितलं की शनिवारी दुपारी फळ्या विकणाऱ्या दानाईच्या दुकानात जायचं आणि ती फळी परत करायची. स्ताथिस हो म्हणाला. दुसरं म्हणणार काय?

पण त्या फळीवर त्याचा जीव जडला होता. पन्नाशीला आलेल्या माणसाला लाँगबोर्डचं, म्हणजे त्या लांब स्केटबोर्डचं, वेड लागावं हे गल्लीला विनोदी वाटलं, आणि समोरच्या न्हाव्याने तर त्याला विचारलंही की फळीला चार चाकं पुरतात का. स्ताथिसने मनावर घेतलं नाही. दिवसाचे बारा तास दगडी फरशीवर उभा राहणारा माणूस तो. फळीवरही तो उभाच असायचा, पण इथे जमीन आपण होऊन मागे सरकायची, आणि ते दहा-पंधरा सेकंद त्याला स्वतःचा भार जाणवायचा नाही. एवढं सुख त्याला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

दहा-पंधरा सेकंदच, कारण पुढे वेग जरा वाढला की फळी पायाखाली थरथरू लागायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मग स्ताथिस जमिनीवर. पहिल्यांदा पडल्यावर त्याने आपल्या अकलेने पाना घेतला आणि चाकांच्या अॅक्सलवरचा मोठा नट आवळला. दुसऱ्यांदा पडल्यावर आणखी आवळला. आता फळी वळायचीही बंद झाली, पण थरथरायची मात्र पूर्वीइतकीच.

याच्या मुळाशी एक थाप होती. एप्रिलमध्ये फळी घ्यायला गेला तेव्हा दानाईने त्याला वजन विचारलं. मारियांथी शेजारीच उभी होती. स्ताथिसला वाटलं, फळी मोडेल की काय याची पोरीला धास्ती असणार, आणि त्याने बेधडक सांगून टाकलं, अठ्ठ्याण्णव. बाकी वजनाच्या बाबतीत हा माणूस इतका चोख, की गिऱ्हाइकाच्या पुड्यात वीस ग्रॅम जास्त जातील, पण कमी नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र काटा त्याच्या मर्जीने चालायचा.

शनिवारी दोघं दानाईकडे गेली. दानाई तिशीची, केस बारीक कापलेली, हाताला कायम ग्रीस लागलेलं. फळी परत घेशील का, असं मारियांथीने विचारताच तिने कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि फळी उलटी करून टेबलावर ठेवली. नट सोडवायला तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. आतून तिने रबराचा एक जाडसर तुकडा काढला. लिमलेटच्या गोळीसारखा पिवळा, मधोमध फुगलेला आणि एका बाजूने चिरलेला.

"हा बुश," ती म्हणाली. "फळी डुलते ती याच्यावर. हा मी अठ्ठ्याण्णव किलोंसाठी बसवला होता. काका, अठ्ठ्याण्णव किलोंनी याची अशी दशा होत नाही. कुणाला खांद्यावर घेऊन चालवत होता का?"

स्ताथिसने समुद्राच्या दिशेला पाहिलं, पण तिथे भिंत होती. त्याला एकदम लख्ख कळलं की आता गप्प बसलं तर फळी जाणार. दानाई भली मुलगी, ती परत घेईल, मारियांथी निर्धास्त होईल, आणि उरलेलं आयुष्य लोक म्हणतील की एवढ्या देहाने असल्या भानगडीत पडायचंच कशाला. आणि तोंड उघडलं, तर आकडा बायकोच्या देखत बाहेर पडणार. 

"एकशे सत्तावीस," तो म्हणाला. मग त्याने पुरवणी जोडली. "पिठाच्या काट्यावर. मंगळवारी. चपला काढून."

दानाई हसली नाही. तिने वळून खण उघडला आणि आत शोधू लागली. मारियांथी मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

"बावीस वर्षं तुझ्या शर्टांची तुटलेली बटणं मी लावतेय," ती म्हणाली. "मला काय आकडा सांगायला हवा होता?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या ऐटीत सांगितलंस अठ्ठ्याण्णव. म्हटलं, राहू दे."

दानाईने खणातून चार काळे बुश काढून टेबलावर ठेवले. स्ताथिसने एक बोटांनी दाबून पाहिला. खेटराच्या टाचेइतका टणक. तिने समजावून सांगितलं की मऊ रबर जड माणसाला तोलूच शकत नाही, ते पार दबून जातं, आणि नट कितीही आवळला तरी त्यात ताकद येत नाही, उलट ते चिरडतं. टणक बुश घालायचे आणि नट जरासा सैलच ठेवायचा. वॉशरही तिने मोठे, वाटीसारखे टाकले. फळी मुळातच चाकांच्या मध्ये खाली टांगलेली आणि न लवणारी, अॅक्सल रुंद, चाकं मोठी आणि मऊ, ते सगळं ठीकच होतं.

"म्हणजे मी जाडा आहे म्हणून पडत नव्हतो?" स्ताथिसने विचारलं.

"तुम्ही खोटारडे आहात म्हणून पडत होता," दानाई म्हणाली.

मारियांथी खो खो हसली, आणि स्ताथिसचा जीव भांड्यात पडला. खोटारडेपणावर निदान इलाज होता, आणि तो या पोरीने दहा मिनिटांत करूनही टाकला होता. शाळेत खुर्ची मोडली, चुलतभावाच्या लग्नात बाक मोडला, तेव्हापासून आपल्या पायाखाली जे जे हलतं त्याला आपणच जबाबदार, असं तो धरून चालला होता. आता त्याला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. त्याने नाक शिंकरल्याचं निमित्त केलं. मारियांथीने एकच अट घातली: सोमवारी आपण स्वतः बरोबर येणार, आणि फळी एकदा जरी थरथरली तर तिथल्या तिथे खेळ खलास.

सोमवारी दुकान बंद. सकाळी दोघं पांढऱ्या मनोऱ्यापाशी आली. दानाईने दिलेले मनगटाचे पट्टे मारियांथीने स्वतः त्याच्या हाताला बांधले, जरा जास्तच घट्ट. त्याने पुढचा पाय अॅक्सलच्या स्क्रूंच्या लगेच मागे ठेवला, सांगितल्याप्रमाणे भार पुढच्या पायावर घेतला, गुडघे सैल सोडले आणि दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा दिला. मारियांथी शेजारून हात पुढे करून चालत होती, जणू तो पडला असता तर ती त्याला झेलणारच होती.

पाठीमागून वारदारिस, तो उत्तरेचा वारा, वाहत होता. फळीने वेग धरला. दहा सेकंद झाले, पंधरा झाले. स्ताथिसने दात आवळले आणि थरथरीची वाट पाहिली. ती आली नाही. त्याने उजवीकडे जरासा भार दिला, आणि फळी एखाद्या शहाण्या गाढवासारखी उजवीकडे वळली. डावीकडे दिला, तर डावीकडे. मागच्या वेळी तो पडला होता ती जागा कधी गेली ते त्याला कळलंही नाही. त्याने मोठ्याने श्वास सोडला. गेला महिनाभर आपण तो धरूनच ठेवला होता, असं त्याला वाटलं.

"स्ताथिस, थांब. अरे, थांब ना."

त्याने मागे पाहिलं. मारियांथी पन्नास पावलं मागे, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण रस्त्यात "थांब, जरा हळू" म्हणायची वेळ नेहमी त्याच्यावर यायची. बाजारात, चढावर, नातेवाइकांकडे जाताना, ती पुढे आणि हा मागे. त्याने एक पाय खाली टेकवून घासत घासत फळी थांबवली आणि तिची वाट पाहत उभा राहिला. त्याला फार बरं वाटत होतं.

ती आली. आधी तिने त्याचं उजवं मनगट दोन्ही हातांत घेऊन दाबून पाहिलं, आणि मग फळीकडे पाहिलं.

"थरथरली?"

"नाही."

"खरं सांग."

"आता खरंच सांगतोय."

मारियांथीने एक पाय फळीवर ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला. मग दानाई माझ्यासाठी अशी एक जुळवून देईल का, असं तिने अगदी सहज विचारावं तसं विचारलं.

"देईल की," स्ताथिस म्हणाला. "वजन विचारेल. किती सांगू?"

"बासष्ट."

 समोरून दोन सायकली आल्या, त्यांना स्ताथिसने वाट करून दिली.

"बरं," मारियांथी म्हणाली. "चौऱ्याहत्तर."