अक्काच्या घेवड्याचं बी

"पुन्हा उकरलंस?"

मागच्या दारातून नवऱ्याचा आवाज आला तशी सिस्टरने चहाचा चमचा पदराआड केला. पण बोटांना लागलेली माती कुठे लपवणार?

"उकरलं नाही. नुसतं बघितलं."

रुग्णालयातली नोकरी संपून बरेच दिवस झाले होते, तरी अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणत असे. नवरा एका इंजिनिअरच्या कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेला. मागच्या अंगणात भाजी लावायची ठरल्यावर त्याने आधी मोठा कागद पसरला. उन्हाच्या बाजूला टोमॅटो, सावलीत पालक, मधल्या वाफ्यात मेथी आणि मुळा, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. हा कागद रंगवण्यात पंधरवडा गेला. सिस्टर येरझारा घालून थकली. "तुमचा नकाशा पुरा होईपर्यंत बियांना नातवंडं होतील," असं तिने दोनदा ऐकवलं, तेव्हा कुठे कुदळ बाहेर निघाली.

कुंपणाच्या भिंतीलगतचा पट्टा मात्र तिने कागदावर येऊ दिला नाही. तो अक्काच्या घेवड्याचा होता.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. लग्न होऊन शेतावर गेली त्या वर्षापासून ती हा जांभळ्या ठिपक्यांचा घेवडा लावायची आणि वेलावरच्या शेवटच्या शेंगा बियांसाठी वाळू द्यायची. मागच्या उन्हाळ्यात, सिस्टर रात्रंदिवस उशाशी बसलेली असताना, अक्का गेली. भाच्याने कापडाची पुरचुंडी हातात ठेवली आणि म्हणाला, "मावशी, आमच्याकडे आता कोणी लावत नाही. बी एवढंच उरलंय. तुझ्याकडे राहू दे." त्या पुरचुंडीबाहेर तो घेवडा आता कुठेच नव्हता.

सिस्टरने निम्मं बी रात्रभर भिजवून पेरलं, आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला. उभा जन्म वॉर्डातून रात्रीच्या फेऱ्या मारण्यात गेलेला. कण्हणाऱ्या रोग्याची तिला कधी भीती वाटली नाही. गप्प पडलेल्याची वाटायची. तिथे थांबायचं, नाकाशी हात धरायचा, श्वास जाणवला की पुढे जायचं. आता जमीन तशी गप्प पडली होती. सकाळी ती चमच्याने माती बाजूला करी, पांढरा मोड दिसला की झाकून टाकी, आणि संध्याकाळी तिला वाटे, सकाळचं काय सांगावं, आता बघायला हवं. मोडांच्या माना तुटल्या, उरलेले कुजले. मेथी-मुळ्याची तिला काही काळजी नव्हती. ते तरारून वर आले.

तिने पुन्हा थोडं बी पेरलं. नवऱ्याने भोवती काटक्या रोवल्या आणि चमचे वरच्या फळीवर ठेवले. तिने केसातल्या पिनेने उकरलं.

आजही हाती आला तो मान मोडलेला मोड. तो तळहातावर घेऊन ती उभी होती. नवरा पायरीवर येऊन बसला. रागावला नव्हता, म्हणूनच बहुधा त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"अक्कासुद्धा शेवटी म्हणाली होती ना गं तुला, जरा स्वस्थ पडू दे मला म्हणून."

सिस्टर नळाखाली जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली. मग पुरचुंडीत उरलेलं सगळं बी घेतलं आणि शेजारच्या शिवणवालीच्या दारात जाऊन उभी राहिली. शिवणवालीच्या अंगणात चार कुंड्या होत्या. त्यांत जे जगेल ते जगत असे.

"काकू, मला नाही हो जमत त्यातलं," मशीन न थांबवता ती म्हणाली. "मी पाणी घालायलाही विसरते."

"म्हणूनच तुझ्याकडे आले."

बी किती खोल, पाणी किती, ऊन कुठलं, वेल चढू लागला की काठी कधी, सगळं तिने वॉर्डात पाळी संपताना पुढच्या नर्सला चार्ज द्यावा तसं सांगितलं. अक्काचं नाव काढलं नाही. रोगी आपला कोण लागतो, हे चार्ज देताना सांगायचं नसतं. आणि चार्ज दिला की मागे वळायचं नाही.

ते सोपं नव्हतं. तिने पडदे धुतले, बरण्या घासल्या, खुर्ची भिंतीकडे पाठ करून ठेवली. पण वेल भिंतीवरून डोकावला, जांभळी फुलं आली, आणि दुकानात जाताना ती गल्लीला वळसा घालून जाऊ लागली. "जाऊन बघून ये ना," नवरा म्हणायचा. ती मान हलवायची.

एके दुपारी शिवणवालीच झाकलेलं भांडं घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"घ्या, तुमच्याच घेवड्याची भाजी. काल वेलावर मावा दिसला हो, ती बारीक कीड. बाकीच्या कुंड्यांतही पसरला असता, म्हणून कोवळ्या शेंगा सगळ्या तोडल्या आणि वेल उपटून टाकला. बरं केलं ना?"

बी किती खोल ते सांगितलं होतं, पाणी सांगितलं होतं, काठीसुद्धा. थोड्या शेंगा बियांसाठी वाळू द्यायच्या, एवढंच सांगायचं राहिलं होतं. नवऱ्याने बोलायला तोंड उघडलं. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला.

"बरं केलंस. मावा वाईटच," ती म्हणाली. "बस, आमच्याबरोबर दोन घास खा."

तिने तिघांना वाढलं. शेंगा इतक्या कोवळ्या होत्या की आत दाणा धरलाच नव्हता. सिस्टर हळूहळू चावत राहिली.

"बाजारातल्याला अशी चव नाही," शिवणवाली म्हणाली. "काकू, हे बी मिळतं कुठे? पुढच्या वर्षी दोघी मिळून लावू."

"बघते विचारून," सिस्टर म्हणाली आणि भांड्यात उरलेला घेवडा तिने शिवणवालीच्या ताटात वाढला.