नकाशात न सापडणारा देश

"सर, हा झेंडा कुठे टोचायचा? हा देश नकाशात सापडतच नाही."

सातवीतली दोन वेण्यांची मुलगी कागदी झेंडा घेऊन सरांपुढे उभी होती. झेंड्यावर देशाचं नाव नव्हतं, नुसती एक उशी रंगवली होती. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि ती उशी परत एकदा नीट पाहिली.

शाळेत त्यांना सगळे मोकळ्या तासाचे सर म्हणत. कुणा शिक्षकाला ताप आला, कुणाच्या घरी लग्न निघालं, की तो तास सरांच्या गळ्यात पडायचा. असा माणूस सगळ्या वर्गांचा असतो आणि कुठल्याच वर्गाचा नसतो. शिक्षकदिनी प्रत्येक वर्ग आपापल्या वर्गशिक्षकांना फुलं द्यायचा, फळ्यावर त्यांचं नाव रंगवायचा. सर तेव्हा माईकची वायर धरून उभे असायचे. वाईट वाटत नसे असं नाही. चांगलंच वाईट वाटायचं. पण माईक खरखरला की सगळी शाळा त्यांच्याकडेच बघायची, तेवढ्यावर ते भागवून घेत.

आजचा शिक्षकदिन त्यांचा शेवटचा होता. महिनाअखेर निवृत्ती. सातवीच्या बाईंनी यंदा देशोदेशीच्या शिक्षकदिनांचा कार्यक्रम बसवला होता. सभागृहात भला मोठा नकाशा टांगलेला; एकेक मूल यायचं, एका देशाची रीत सांगायचं आणि तिथे झेंडा टोचायचं. थायलंडमध्ये मुलं गवत आणि वांग्याची फुलं घेऊन शिक्षकांपुढे गुडघे टेकतात. गवत चिवट म्हणून, आणि वांग्याचं फूल मान खाली घालून असतं म्हणून. कोरियात कार्नेशनचं फूल देतात. व्हिएतनाममध्ये जुने विद्यार्थी शिक्षकांच्या घरी जातात.

हे ऐकता ऐकता सरांची तंद्री लागली होती. आपल्या दोन खोल्यांच्या दाराशी चपलांचा हा ढीग पडलाय, आत बसायला जागा नाही, आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणतेय, "अहो, एवढ्यांना कप कुठून आणू मी?" बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. पण तंद्रीत तिला कोण अडवणार?

तेवढ्यात हा झेंडा.

"असा देश आहे हे कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या बाईंनी. त्या देशात शिक्षकदिनी सरांना झोपू देतात. कुणी चकार शब्द काढत नाही. बाई म्हणाल्या, कुठे आहे ते सरांनाच विचार, त्यांनाच ठाऊक आहे."

सभागृहात हशा पिकला. मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि सगळे वचकून असत.

"सर, खरंच आहे का हो असा देश? मुलांच्या डोक्यात भलतंसलतं जायला नको."

सरांना सगळं लख्ख आठवलं. बायकोचा दमा रात्री बळावायचा. तिला टेकवून बसवायचं, पाठ चोळायची, आणि सकाळी चुरचुरत्या डोळ्यांनी शाळा गाठायची. खूप वर्षांपूर्वी, अशाच एका शिक्षकदिनी त्यांच्या वाट्याला एक मोकळा तास आला. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. सरांनी तेव्हा हा देश जन्माला घातला. "कुठे आहे तो, सर?" "लांब आहे रे," असं म्हणून त्यांनी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर डोकं टेकलं. आणि नवल म्हणजे वर्ग चिडीचूप झाला. जागे झाले तेव्हा त्यांच्या डोक्याखाली कुणाचा तरी घडी केलेला स्वेटर होता. नोकरीत त्यांचा झालेला सत्कार तेवढाच. घरी सांगितलं तेव्हा बायको ढास लागेपर्यंत हसली होती.

आता घरात कुणी खोकत नव्हतं, आणि सरांना झोप येत नव्हती.

सगळी शाळा उत्तराची वाट बघत होती. जाता जाता इभ्रत राखायची तर एखाद्या बेटावर बोट ठेवलं की भागलं असतं. पण समोरची पोर डोळे मोठे करून बघत होती.

"नाही, मोठ्या बाई," सर म्हणाले, "असा देश नाही. मी बनवला होता तो. मला तेव्हा फार झोप यायची."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. सरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात सातवीच्या बाई उठल्या.

"देश आहे, मोठ्या बाई. मी पाहिलाय. त्या वर्गात होते मी, स्वेटर माझाच होता." त्यांनी मुलीच्या हातातला झेंडा घेतला. "नकाशात नाही, एवढंच."

मोठ्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि त्या हलकेच म्हणाल्या, "मग घेऊन जा त्यांना तिकडे."

वर्गात आल्यावर सातवीच्या बाईंनी तो झेंडा खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर टोचला.

"अगं पोरी, आता मला रात्रीसुद्धा झोप लागत नाही," सर पुटपुटले. "दिवसा कुठली लागणार?"

"नका झोपू, सर. नुसतं डोकं टेका."

सरांनी डोकं टेकलं. लाकडाला पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. मुलं ओठांवर बोट ठेवून बसली होती. पंखा फिरत होता, पडदा आत येत होता, बाहेर जात होता. मग दाराशी पुन्हा चपलांचा ढीग दिसू लागला, आणि आतून बायको म्हणाली, "अहो, पुरले बरं का कप."

तास संपला. शिपाईमामा व्हरांड्यात आले, त्यांनी घंटेवर हातोडी उगारली आणि सवयीने खिडकीतून आत पाहिलं. मग हातोडी खाली ठेवून, आवाज होऊ नये म्हणून पायातल्या चपला काढून, ते पायरीवर बसून राहिले.